दार वाजतंय, वारा शिरतोय, अन् सुतार म्हणतो बदलून टाका

मागच्या अंकात ढिल्या स्क्रूच्या भोकात आगकाड्या भरायचा उपाय दिला होता, तेव्हापासून दरवाजा या एकाच विषयावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या महिन्यात नळ, गळती, ओल सगळं बाजूला ठेवलंय, नुसते दरवाजे घेतलेत. एक आजोबा तर तोच उपाय फसला म्हणून माझ्यावर चिडलेत, त्यांचंही पत्र खाली घेतलंय, लपवलेलं नाही.

प्रश्न : भाऊ, आमचं घर नागपूरच्या महाल भागात, सासऱ्यांनी 1979 साली बांधलेलं. समोरचा दरवाजा सागवानी, एकपल्ली, तोंड पश्चिमेला. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाराखालून असा गार वारा येतो की सोफ्यावर पाय वर घेऊन बसावं लागतं. सासूबाई रोज रात्री जुनी गोधडी गुंडाळून दाराशी लावतात आणि पहाटे दूधवाल्यासाठी दार उघडायला गेलं की तीच गोधडी पायात येते, दोनदा पडता पडता वाचले मी. मे महिन्यात त्याच फटीतून लू आणि धूळ, दुपारी झाडलं तरी चार वाजता फरशीवर बोट फिरवलं की रेघ उठते. मिस्टरांनी ऑनलाइन फोमची टेप मागवून चिकटवली, पहिल्याच उन्हाळ्यात तिचा गोंद वितळला आणि ती लोंबायला लागली. सुतार आला, मिनिटभर बघितलं आणि म्हणाला दरवाजा गेला, काढून टाका, नवीन बसवून देतो. खरंच गेला का हो? — एक ताई, महाल

उत्तर : ताई, पहिले त्यांना एवढंच विचारा की जुना दरवाजा काढल्यावर त्याचं लाकूड कोण नेणार. 1979 चं नागपूरचं सागवान म्हणजे बहुधा चंद्रपूर-गडचिरोलीकडचं, त्याच बाजूच्या जंगलातलं सागवान 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाज्यांसाठी गेलं. असा पल्ला काढून त्याच्या जागी फायबरचा दरवाजा लावायचा म्हणजे आजीच्या पाटल्या मोडून बेन्टेक्स घेण्यासारखं आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा सागवान आता जितका वाकायचा तितका वाकून बसलाय, नवीन ओलं लाकूड घरात येऊन वाकणार त्यापेक्षा हा बरा.

वारा येतो ते मात्र खरंय, आणि किती येतो त्याचा हिशोब करून बघा. सात फुटी दरवाजा, दोन उभ्या बाजू अन् वरची आडवी मिळून साधारण पाच मीटर लांबी होते, तिथे फक्त 3 मिलीमीटर फट धरली तर दीडशे चौरस सेंटिमीटर झाली, खाली 15 मिलीमीटर धरली (तुमच्याकडे गोधडी लागते म्हणजे तेवढी असणारच) तर आणखी एकशे पस्तीस. दोन्ही मिळून भिंतीतून दीडेक वीट काढून ठेवल्यासारखं झालं. भिंतीत एवढं भोक असतं तर त्याच दिवशी मिस्त्री बोलावला असता, दाराच्या कडेला पसरलेलं आहे म्हणून आपण वर्षानुवर्षं गोधडी लावत बसतो. आणि हिवाळ्यात थंडी खालून का येते तर घरातली उबदार हवा वर जाऊन वरच्या फटीतून, व्हेंटिलेटरमधून निसटते आणि तिची जागा भरायला बाहेरची गार हवा दाराखालून आत ओढली जाते. 2018 च्या डिसेंबरात आपल्याकडे पारा साडेतीन अंशांवर आला होता, आठवतं ना, त्या आठवड्यात माझ्या स्वतःच्या घरी मी दाराखाली वर्तमानपत्रं कोंबली होती, म्हणजे मीही काही फार शहाणा नव्हतो.

आता कामाला लागू, पण टेपला हात लावायचा नाही. टेप सगळ्यात शेवटी. सगळे लोक इथेच चुकतात, फट दिसली की टेप आणतात, आणि फट का पडली ते कोणी बघतच नाही.

रात्री घरातले सगळे लाइट बंद करा, पंखाही बंद करा, एकाला बाहेर टॉर्च देऊन उभं करा आणि त्याला सांगा दाराच्या कडेकडेने हळू फिरव. आतून जिथे जिथे उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा. मग उदबत्ती घेऊन त्याच कडेने फिरा, धूर जिथे आडवा होतो तिथे खरा वारा आहे, उजेड दिसत नसला तरी. चौकट आणि भिंतीच्या मधल्या चिरेवरही उदबत्ती धरा बरं का, जुन्या घरात प्लास्टर चौकटीपासून सुटलेलं असतं आणि अर्धा वारा तिथूनच येतो, लोक मात्र पल्ल्याला दोष देत बसतात. तिसरी टेस्ट कागदाची, वहीचा कागद दारात धरून दार लावा आणि ओढा. सटकन निघाला तर तिथे दार टेकतच नाहीये, फाटला तर तिथे घट्ट आहे.

या खुणांचा नकाशाच तुम्हाला रोग सांगतो. कडीच्या बाजूला वर घट्ट, खाली पल्ला फरशीला घासतो, आणि बिजागरीच्या बाजूला वरती फट मोठी, असं असेल तर पल्ला झुकलाय, म्हणजे वरची बिजागरी ढिली. दहापैकी सहा-सात दरवाज्यांत मला हेच सापडतं. पल्ल्याचं सगळं वजन वरच्या बिजागरीला ओढतं, तिचे स्क्रू वर्षानुवर्षं तेवढ्याच भोकात हलत राहतात. दार अर्धं उघडून कडीच्या बाजूने पल्ला वर उचलून बघा, खटखट वाजलं की समजून जा.

मग करायचं काय, पल्ल्याखाली लाकडाची पाचर सरकवून त्याला आधार द्या, वरच्या बिजागरीचे चौकटीकडचे स्क्रू एकेक करून काढा (सगळे एकदम काढू नका, पल्ला अंगावर येतो, सागवान हलकं नसतं) आणि दीड इंची स्क्रूच्या जागी अडीच इंची लावा, म्हणजे तो भोकाच्या मागच्या कोऱ्या लाकडात जाऊन धरतो. स्क्रू जाम असेल तर दिवसभर आधी खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडून ठेवा आणि पेचकस जाड, खाचेत बरोबर बसेल असाच घ्या, बारीक पेचकसने डोकं खराब केलं की मग ड्रिल लावून काढावं लागतं. एवढ्यानेही कडीची बाजू खाली झुकलेली वाटली तर खालच्या बिजागरीच्या मागे पुठ्ठ्याचा तुकडा घाला, पोस्टकार्डाएवढा जाड, म्हणजे पल्ल्याचा खालचा भाग कडीकडे ढकलला जातो अन् कडीची बाजू उचलली जाते. हे वाचायला उलटं वाटतं, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, पण करून बघा. आणि तुमच्या दाराला दोनच बिजागऱ्या असतील तर मधे तिसरी लावून घ्या, सात फुटी सागवानाला दोन पुरत नाहीत.

दुसरी गोष्ट कडी-कोयंडा. दार लावलं, कडी घातली, तरी वाऱ्याने पल्ला खडखडतो का? तसं असेल तर पल्ला चौकटीच्या खाचेला टेकायच्या आधीच कडी अडकतेय. कोयंडा काढून दोन-तीन मिलीमीटर खाचेकडे सरकवून ठोकला की कडी घालताना पल्ला आपोआप ओढून घट्ट बसतो. टॉवर बोल्ट असेल तर चौकटीतलं त्याचं भोक झिजून अंडाकृती झालेलं असतं, त्यावर पत्र्याची प्लेट लावा, ती थोडी खाचेकडे घेऊन. हे काम अर्ध्या तासाचं, आणि खूप घरांत एवढ्यानेच निम्मा वारा थांबतो. टेपचा एक रुपया खर्च न करता.

तुमचं दार पश्चिमेचं आहे म्हणून आणखी एक बघा. दुपारभर ऊन एकाच अंगाला लागतं, ते अंग कोरडं होऊन आकसतं, आतलं अंग तसंच राहतं आणि पल्ल्याला बाक येतो. वरून खालपर्यंत ताणलेली सुतळी धरली की बाक लगेच दिसेल. बाक आलेला पल्ला रंध्याने सरळ होत नाही, कोणी करून देतो म्हणालं तर हो म्हणू नका. चौकटीला टेकायची पट्टी वेगळी ठोकलेली असेल तर ती काढून पल्ल्याच्या बाकाप्रमाणे परत ठोका. चौकटीतच खाच कोरलेली असेल तर मात्र जिथे फट जास्त तिथे जाड रबर आणि जिथे कमी तिथे पातळ, असं दोन प्रकारचं लावावं लागतं.

आणि आता रबर. फोमची टेप आपल्याकडे टिकत नाही. पंचेचाळीस-शेचाळीस अंशांत, त्यातही पश्चिमेच्या दारावर, तिचा गोंद वितळतो आणि फोमचा भुगा होतो. मिस्टरांचं काही चुकलं नाही, त्या टेपला नागपूर माहीत नव्हतं एवढंच. दुकानात ईपीडीएम रबराची डी आकाराची पोकळ पट्टी मागा. चौकटीच्या खाचेत लावायची, पल्ल्याच्या कडेवर नाही, तिथे ती घासून निघते. आधी जुना गोंद थिनरने काढा, जागा सुकू द्या, लावल्यावर बोटाने दाबत जा आणि दिवसभर तरी दार हळूच लावा. हे काम हिवाळ्यातच करा, तापलेल्या चौकटीवर गोंद नीट धरत नाही. लाकडावर जुना ऑइल पेंट पोपडे धरून असेल तर तो खरवडल्याशिवाय चिकटवायचं नावच घेऊ नका, टेप पोपड्याला चिकटते आणि पोपड्यासकट पडते.

खालच्या फटीला ब्रशची पट्टी, अॅल्युमिनियमच्या चॅनेलमधली, पल्ल्याच्या आतल्या अंगाला स्क्रूने. स्क्रूची भोकं लांबट असतात ती यासाठीच की नंतर वर-खाली करता यावी. फरशीला ब्रश नुसता टेकला पाहिजे, दाबला जायला नको, नाहीतर दोन महिन्यांत केस वाकून बसतात. रबराची खालची पट्टीही मिळते पण तुमच्याकडे धूळ येते म्हणता, धुळीला ब्रश बरा.

भिंत आणि चौकटीमधली चीर बारीक असेल तर रंगवता येणारं अॅक्रिलिक सीलंट भरा, सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही. बोट जाईल एवढी असेल तर आधी चौकट हलते का ते बघा. हलत असेल तर भिंतीतले होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) ढिले झालेत, मग ते गवंड्याचं काम. सिमेंट कोंबून बुजवायचा मोह होतो, पण लाकूड दर मोसमात हलतं आणि सिमेंट हलत नाही, पुढच्या पोळ्यापर्यंत चीर परत तिथेच.

गोधडी मात्र धुऊन ठेवा, सासूबाईंना सांगा तिची दुसरीकडे बदली झाली.

प्रश्न : मानेवाड्याला फ्लॅट आहे. दर पावसाळ्यात बेडरूमचा दरवाजा फुगून अडकायचा, लाथ मारून उघडावा लागायचा, शेवटी ऑगस्टमध्ये सुताराला बोलावून वरून अन् बाजूने रंधा मारून घेतला. काय मस्त झाला होता. आता जानेवारीत कडीच्या बाजूला बोट जाईल एवढी फट आहे आणि एसी लावला तरी खोली थंड होत नाही. सुताराला फोन केला तर म्हणतो साहेब, तुम्हीच सांगितलं होतं मारायला. — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : सुताराचं उत्तर अगदी बरोबर आहे, राग मानू नका. तुम्ही दरवाजाचा पावसाळी अवतार कापून टाकलात.

लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं आणि हवा कोरडी झाली की सोडून आकसतं. हे फक्त आडवं होतं, रेषांच्या आडव्या दिशेला. उभ्या दिशेला जवळपास काहीच नाही, म्हणून दरवाजा उंचीला वाढत नाही, रुंदीला वाढतो. आणि आपल्या नागपूरसारखी तफावत क्वचित कुठे, एप्रिल-मे च्या दुपारी हवा पापड वाळवायच्या कामाची आणि दोन महिन्यांनी तीच हवा पापड चिवट करणारी. नुसत्या उभ्या फळ्या जोडून केलेला तीन फुटी दरवाजा असेल तर सागवानातही उन्हाळा ते पावसाळा चार ते आठ मिलीमीटरचा फरक पडू शकतो, आडजात लाकडात याहून जास्त. चौकटी-पॅनेलवाल्या दरवाजात हा प्रश्न शहाण्या माणसाने सोडवून ठेवलाय, तिथे फक्त दोन उभ्या पट्ट्यांची रुंदी वाढते, मधली पॅनेल खाचेत मोकळी सरकत राहते, म्हणून जुने लोक पॅनेलला कधी गोंद लावत नव्हते. आजकालचे काही जण लावतात, मग पॅनेल फाटते आणि लोक म्हणतात लाकूड वाईट.

तुमचा फ्लॅटमधला म्हणजे फ्लश डोअर असणार. त्याच्या कडेला फक्त बारीक लाकडी पट्टी असते, आत भरलेलं काहीतरी. रंधा त्या पट्टीपुरताच चालतो, जास्त मारला की आतला माल उघडा पडतो आणि मग पाणी थेट पोटात. तुम्ही कड बघा, पट्टी उरली असेल तर सुदैव.

फट भरायला पुट्टी लावू नका, दार आपटलं की ती निघते. फटीच्या मापाची लाकडी पट्टी, सुकलेली, लकडगंजला कुठल्याही सॉ मिलच्या शेजारी कापून मिळेल, ती कडीच्या बाजूला नाही तर बिजागरीच्या बाजूला चिकटवून घ्या. फेविकॉल, वरून बिनडोक्याचे बारीक खिळे, रात्रभर क्लॅम्प किंवा दोरीने आवळून. बिजागरीच्या बाजूला म्हणण्याचं कारण हे की तिकडे सांधा नजरेत येत नाही आणि लॅच, कुलूप यांची भोकं हलत नाहीत. बिजागरीच्या खाचा मात्र नव्याने पटाशीने कोराव्या लागतील, म्हणून हे सुताराकडूनच करून घ्या.

किती जागा सोडायची ते मोसमावर ठरतं. आता कोरड्या दिवसांत पट्टी लावताय तर दोन-तीन मिलीमीटर मोकळं ठेवा, अगदी चपखल बसवलं की जुलैत परत लाथ. आणि पावसाळ्यात अडकलं तर कळ काढा, दिवाळीपर्यंत थांबा, तोवर अडकतं त्या जागेवर मेणबत्ती घासा, दार सरकून जातं. दिवाळीनंतरही अडकलं तर मग रंधा.

खरा इलाज अजून सांगितलाच नाही. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आरसा धरून बघा, रंग आहे का? नव्वद टक्के घरांत नसतो, पेंटर दार न काढता समोरून रंगवतो आणि जातो. पाणी तिथूनच आत शिरतं, विशेषतः खालून, पोछा मारताना. दार उतरवून दोन्ही कडांना प्रायमर आणि दोन हात ऑइल पेंट लावला की फुगणं निम्म्यावर येतं. आणि एका अंगाला रंग, दुसऱ्याला नुसतं पॉलिश असं करू नका, दोन्ही अंगं सारखी ओलावा घेतील असं बघा, नाहीतर बाक येतो.

प्रश्न : तुम्ही सांगितलं म्हणून आगकाडीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात भरल्या, स्क्रू घट्ट बसला, पंधरा दिवसांत पुन्हा ढिला. माझं वय 74, दोन वेळा शिडीवर चढलो. असले उपाय छापण्याआधी स्वतः करून पाहावेत. — एक आजोबा, नंदनवन

उत्तर : आजोबा, माफी. करून पाहिला होता, पण कपाटाच्या हलक्या दारावर, आणि मागच्या अंकात ज्यांचं पत्र होतं त्यांचंही कपाटच होतं, तरी हे वेगळं लिहायला हवं होतं. चुकलं. घराच्या जड दाराला आगकाडी पुरत नाही. तिचं लाकूड मऊ, पल्ल्याचं वजन पडलं की चेपून जातं.

जड दाराला बांबूच्या काड्या घालतात, किंवा त्याहून चांगलं म्हणजे भोक 10-12 मिलीमीटरच्या ड्रिलने मोठं करून त्यात सागवानाची गोल खुंटी फेविकॉल लावून ठोकायची, दुसऱ्या दिवशी कडेने कापायची आणि तिच्या मधोमध बारीक भोक पाडून मग स्क्रू. फेविकॉल पूर्ण सुकायच्या आधी स्क्रू घातला की सगळं व्यर्थ, पंधरा दिवसांचा हिशोब बघता तसंही झालं असेल.

पण त्याआधी एक काम, आणि हे शिडीवर न चढता होतं. चौकटीच्या खालच्या दोन फुटांत पेचकसच्या मुठीने ठोकत जा. टणटण आवाज आला तर ठीक. पोकळ, बदबद आवाज आला, किंवा पेचकसचं टोक अलगद आत गेलं, तर उधई लागली आहे आणि मग वरचे स्क्रू कशात धरणार? मातीची बारीक नळी भिंतीवर किंवा चौकटीच्या मागे कुठे दिसते का तेही बघा. उधई असेल तर आधी पेस्ट कंट्रोल, मग कुजलेला भाग तिरका कापून नवं लाकूड सांधायचं, अख्खी चौकट काढायची गरज बहुतेक वेळा नसते. सीलंटने भोकं बुजवली म्हणजे उधई गेली असं नाही, ती आतून आरामात जेवत राहते.

आणि शिडीवर नातवाला चढवा. तुम्ही खालून शिव्या द्या.

प्रश्न : धरमपेठेत किरायाने एक खोली घेतली आहे, दार लाकडी अन् जुनं, घरमालक खिळा ठोकू देत नाही. उन्हाळ्यात खिडकीत कूलर लावतो, पण दाराच्या फटीतून गरम हवा येते म्हणून मागच्या वर्षी सगळ्या फटी कपडे कोंबून बंद केल्या. तरी खोली नुसती दमट, अंथरूण ओलसर. कूलर खराब आहे का? — एक विद्यार्थी

उत्तर : कूलर चांगला आहे, कपडे काढा!

कूलर बाहेरची हवा ओल्या खसमधून ओढून आत ढकलतो, सोबत बाष्पही. ती हवा बाहेर पडायला वाट नसेल तर कूलर नवीन हवा आत घेऊच शकत नाही, तीच ओली हवा खोलीत साचते, घाम वाळत नाही, आणि आपण म्हणतो कूलर लागत नाही. कूलर चालू असताना दारातून हवा बाहेर जात असते, आत येत नाही, विश्वास बसत नसेल तर उदबत्ती धरून बघ. त्यामुळे कूलरच्या खोलीत समोरच्या बाजूला काहीतरी उघडं हवंच, खिडकी वीतभर किंवा दार थोडं. एसीचं बरोब्बर उलटं, तिथे सगळं बंद. एसी अन् कूलर दोन्ही असलेल्या घरात लोक हेच गोंधळ घालतात.

गरम हवा आत येते ती कूलर बंद असताना, म्हणजे तू दुपारी कॉलेजला असतोस तेव्हा. त्यासाठी जुन्या पॅंटचा एक पाय कापून, त्यात कोरडी वाळू भरून, दोन्ही टोकं शिवून दाराशी ठेव. खिळा नाही, गोंद नाही, घरमालक खूश. बाहेरून दार ओढून घेताना ते आत कसं राहील म्हणशील, तर पोटाशी दोन नाड्या शिवून कडीला अडकव, दारासोबत सरकतं. हिवाळ्यातही तेच चालतं.

एकच, आणि हे मी जरा ओरडून सांगतोय. थंडीत सगळ्या फटी बंद करून आत शेगडी किंवा कोळशाची सिगडी पेटवायची नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

प्रश्न : बाथरूमचा दरवाजा खालून कुजून दोन बोटं तुटला आहे, त्यातून थंडी येते, आंघोळ करताना हुडहुडी भरते. पत्र्याची पट्टी मारून खालपासून बंद करू का? गिझर आतच आहे, गॅसचा. — एक ताई, इतवारी

उत्तर : नाही. गॅसचा गिझर आत असेल तर ती फट तुम्हाला जिवंत ठेवतेय. वर सिगडीबद्दल लिहिलं तेच इथेही, फक्त जागा आणखी लहान. आधी गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या, नळी आत आणता येते. ते झालं की मग दरवाजाचा कुजलेला भाग कापून पीव्हीसीची पट्टी लावा. गिझर हलेपर्यंत थंडी सोसा.

प्रश्न : मुलाने नवीन फ्लॅट घेतला, दाराला उंबरठाच नाही, टाइल्स सरळ बाहेरच्या पॅसेजपर्यंत. खालून वारा, झुरळं, पावसाचं पाणी सगळं येतं, आणि मुख्य म्हणजे मला सकाळी हळदीकुंकू कुठे वाहायचं तेच कळत नाही. उंबरठा बसवता येईल का? पण ह्यांना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर लागतो. — एक काकू, सदर

उत्तर : काकू, उंबरठा म्हणजे आपल्याकडचा जुना ड्राफ्ट सील, फटीतला वारा अडवणारा. पल्ला त्याला टेकतो म्हणून खालून वारा नाही, पाणी नाही, पावसाळ्यात विंचू-किडा आत येत नाही, आणि त्याचं महत्त्व टिकावं म्हणून त्याला हळदीकुंकूही वाहिलं. बिल्डरने तो काढला कारण झाडू सरळ जातो आणि फ्लॅट मोठा दिसतो.

पण काकांचा वॉकर आहे तर दोन इंची उंबरठा नको, अडखळून पडले तर दुसरा गुडघा. त्याऐवजी ग्रॅनाइटची पट्टी, 10-12 मिलीमीटर उंच, दोन्ही बाजूंनी उतार देऊन, कडा गोल घासून घ्यायच्या. वॉकर हलकाच उचलून त्यावरून जातो, पाणी अडतं. दार उघडताना पल्ला पट्टीवर घासेल, म्हणून पट्टी बसवायच्या आधी पल्ल्याच्या खालून तेवढं कापून घ्या आणि कापलेली कड त्याच दिवशी रंगवा, वर मानेवाड्याच्या साहेबांना सांगितलं तसं. उरलेल्या बारीक फटीला आपोआप खाली येणारं सील मिळतं, दार लावलं की बाजूचं बटण चौकटीला टेकून आतलं रबर खाली उतरतं, उघडलं की वर जातं. थोडं महाग आहे पण पायात काही येत नाही.

मिस्त्रीला पट्टी चौकटीच्या बरोबर मधोमध बसवायला सांगा, पल्ल्याच्या आतल्या कडेला नाही, म्हणजे दार बंद असलं तरी बाहेरच्या बाजूला दोन बोटं जागा उरते. हळदीकुंकवाला तेवढी पुरेल, रांगोळीचं मात्र पॅसेजवाल्या शेजाऱ्यांशी बोलून घ्या.